मुंगीचा रविवार, पाने चोवीस

नोंद क्रमांक ३८८. मुंगीचा रविवार. पाने २४. कप्पा ब, खालून दुसरा. कुणाला दिले: माझ्या वर्गात.

•

जुन्या पुस्तकांच्या दुकानात पाटी आहे: चाळा, पण जागेवर ठेवा. तिच्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलंय: जागा कुठली?

•

त्या मंगळवारी दवाखान्यात, सकाळी साडेनऊची गोळी घेण्याआधी, तिने नवऱ्याचा मोबाईल मागितला. उघडून काहीतरी बघितलं, हसली, परत दिला.
"काय गं?"
"काही नाही. किती वाजले ते बघत होते."

•

चष्म्याच्या दुकानातल्या तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ: त, न, र, ग, प, ल. गिऱ्हाईकं गेली तीस वर्षं ती मोठ्याने वाचतायत. बाकावर चहा पीत बसणाऱ्यांनाही आता ती पाठ आहे.

•

दुपारी एक ते तीन या रस्त्यावरची सगळी शटरं खाली असतात.

•

शेरा: हो.

स्थिती

बुधवारी सकाळी चष्मेकाकांनी वसुलीबाईंना फोन केला.

"माझ्या घरात कुणीतरी पुस्तकं वाचतंय."

"वाचू दे की."

"मी एकटाच राहतो."

मग वसुलीबाई म्हणाल्या, "चहा टाका. आले."

वसुलीबाई हे अर्थातच नाव नव्हे. त्या एकतीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात होत्या आणि त्यांचं काम एकच: लोकांनी नेलेली आणि परत न केलेली पुस्तकं घरोघर जाऊन आणायची. पुस्तक हरवलं म्हणणाऱ्या माणसाच्या घरात ते पुस्तक कुठे असतं हे त्यांना उंबऱ्यावरूनच समजायचं. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली, गादीच्या उशाला, नाहीतर रुसून माहेरी गेलेल्या बायकोच्या पेटीत. निवृत्त झाल्या तरी नाव काही सुटलं नाही.

चष्मेकाकांच्या बायकोशी त्यांची ओळखही अशाच वसुलीतून झाली होती. काकू पहिलीच्या वर्गाच्या बाई. चार वर्षं थकलेलं एक पुस्तक मागायला वसुलीबाई गेल्या, तर काकूंनी दार उघडून सांगितलं, "देणार नाही. ते एका पोराने पहिल्यांदा अख्खं वाचलंय. आता ते त्याचं." वसुलीबाई त्या दिवशी रिकाम्या हाताने परतल्या. एकतीस वर्षांत हे एकदाच झालं. पुढे दोघींची वीस वर्षं मैत्री होती.

काकू जाऊन अकरा महिने झाले होते.

चष्मेकाकांनी मोबाईल पुढे केला. त्यात त्यांच्या घरचा कॅटलॉग होता: सोळाशे चार पुस्तकं, तीनशे आठ सिनेमांच्या तबकड्या. काकूंनी एका सुट्टीत बसून तो भरला होता, कारण काकांनी एकच पुस्तक चौथ्यांदा विकत आणलं होतं. तेव्हापासून काका जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरले की आधी खिशातून मोबाईल काढायचे, नाव शोधायचे, घरात असेल तर पुस्तक खाली ठेवायचे.

"मला एवढंच लागतं, आहे की नाही," काका म्हणाले. "बाकीचे रकाने मी कधी उघडलेच नाहीत. परवा लेकीने विचारलं, आईने यातली किती वाचली होती? म्हणून 'वाचलेली' हा रकाना उघडला. आणि हे बघा."

चव्वेचाळीस नोंदी. अडतीस पुस्तकं, सहा सिनेमे. प्रत्येकीसमोर बरोबरची खूण, म्हणजे टिक, आणि टिक केल्याची तारीख आणि वेळ. सगळ्या गेल्या अकरा महिन्यांतल्या.

"पहिली ती दवाखान्यात असतानाची," काका म्हणाले. "तेव्हा तर मी तिच्या उशाशी बसून होतो. पुस्तकाला हात लावायला फुरसत कुणाला होती? आणि ती एक सोडली तर बाकीच्या सगळ्या दुपारी एक ते तीनमधल्या. मी जेवून पडतो तेव्हाच्या. मोबाईल उशाशी असतो. दाराला आतून कडी असते."

"मग तुमचं म्हणणं काय?"

काकांनी कपातल्या चहाकडे बघितलं. "माझा दादा शेवटी रोज एकच वर्तमानपत्र वाचायचा. रोज नवं म्हणून. मीच वाचतोय हे, वसुलीबाई. वाचतोय, टिक करतोय आणि विसरतोय."

"आणि म्हणून?"

"दुकान बंद करतोय. विसरणाऱ्या माणसाने लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढू नयेत. रविवारी काच घासायचं मशीन दुसरा चष्मेवाला घेऊन जाणार. घराची किल्ली लेकीकडे. मी तिच्या मागच्या खोलीत."

वसुलीबाईंनी मोजलं. बुध, गुरू, शुक्र, शनी.

"पहिल्या नोंदीत खालून दुसरा कप्पा लिहिलाय, तो दाखवा," त्या म्हणाल्या.

कप्पा

वसुलीबाईंचं एक जुनं हत्यार होतं: उजव्या हाताची तर्जनी.

"मी वाचतोय म्हणून ठेवलंय" असं कुणी म्हणालं की त्या पुस्तकाच्या माथ्यावरून, जिथे पानांच्या कडा एकत्र दिसतात तिथून, बोट फिरवायच्या. पुस्तक उघडलं की तिथली धूळ पडते. न उघडलेल्या पुस्तकावर ती सायीसारखी बसून राहते.

टिक झालेली पुस्तकं त्यांनी त्या कप्प्यातून आणि बाकीच्यांतून एकेक करून काढली. काका मागे उभे, न्यायालयात उभं राहावं तसे.

"घरात झाडझूड कोण करतं?"

"मीच. पण कप्प्यांच्या पुढच्या पट्टीवरून फडकं मारतो. दिसतं तेवढंच."

"पुरुषांनी केलेल्या साफसफाईचा हाच एक फायदा," वसुलीबाई म्हणाल्या आणि काळं झालेलं बोट त्यांच्या नाकासमोर धरलं. "सदतीस पुस्तकांवर अकरा महिन्यांची साय आहे. ही पुस्तकं तुम्ही वाचलेली नाहीत. चोराने वाचलेली नाहीत. भुताने वाचली असतील तर त्याला पान उलटावं लागत नसणार."

काका ते बोट निरखून बघायला लागले. "मग टिक कशी झाली?"

"ते पुढचं. अडतिसावं कुठाय?"

अडतिसावं जागेवर नव्हतं. दोन पुस्तकांमध्ये बोटही जाणार नाही एवढी फट होती. कॅटलॉगप्रमाणे तिथे असायला हवं होतं: मुंगीचा रविवार, पाने चोवीस. टिक झालेलं सगळ्यांत पहिलं पुस्तक.

'कुणाला दिले' या रकान्यात काकूंनी लिहिलं होतं: माझ्या वर्गात.

"शाळेत राहिलं असेल," काका म्हणाले.

वसुलीबाई फटीकडे बघत राहिल्या. काकूंनी हा कॅटलॉग दोन वर्षांपूर्वी भरला होता. आणि शाळेतून त्या निवृत्त झाल्या होत्या नऊ वर्षांपूर्वी.

मग वर्ग कुठला?

कुणाकुणाचे हात

*लेक. रुग्णालयात परिचारिका. दुपारच्या डब्याच्या वेळेत, जिन्यात उभ्या उभ्या.*

"मावशी, स्पष्ट विचारा ना. बाबांना माझ्याकडे आणायचं म्हणून मीच हे केलं का, असंच ना?"

"केलंस का?"

"मला बाबा हवेत. घाबरलेले बाबा नकोत." तिने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "परवा त्यांनी मला तीनदा फोन करून विचारलं, मी कालही हेच विचारलं होतं का? अहो, कुणीही वेडं होईल."

"मला एक सांग. त्या कॅटलॉगमध्ये एका मोबाईलवर टिक केली तर दुसऱ्या मोबाईलवर दिसते?"

"एकच खातं दोन्हीकडे उघडलं असेल तर दिसणारच. आईच्या मोबाईलवर होतंच की. तिनेच भरलं सगळं. पण तिचा मोबाईल तिने दवाखान्यात जायच्या आधीच कुणाला तरी देऊन टाकला. कुणाला ते विचारलं तर म्हणाली, गरजवंताला. आई वस्तू साठवायची नाही, माणसं साठवायची."

"आणखी काही आठवतं? तिच्या वर्गातलं?"

लेक हसली. "तिच्या वर्गात बाई टिक करत नसत. पोरांनी स्वतःच्या वहीत स्वतः टिक करायची. म्हणायची, आलं की नाही हे ज्याचं त्यालाच ठाऊक. मला घरीसुद्धा तेच. फार राग यायचा मला. दुसऱ्यांच्या आया चांदण्या काढून द्यायच्या."

*काचवाला. चष्मेकाकांच्या दुकानात बावीस वर्षं काचा घासतो. मशीन चालू ठेवून बोलतो.*

"मोबाईल काउंटरवर पडलेला असतो, खरंय. कुलूपही ठाऊक आहे, चार शून्यं. पण मी आणि पुस्तक? बाई, माझं वाचन तक्त्याच्या खालच्या ओळीला संपतं."

"दुकान बंद झालं तर?"

मशीन थांबलं. "तर मला पाण्याचा आवाज ऐकू येणार नाही. काच घासताना पाणी पडत असतं ना, तो. बावीस वर्षं झाली." मग तोंड फिरवून म्हणाला, "काकांना सांगा, नंबर चुकत नाहीत त्यांचे. पुस्तकवाल्या जुनेपुराण्यांच्या चष्म्याचं मनाला लावून घेतलंय त्यांनी."

"कुठला चष्मा?"

"दोन. दीड वर्षात दोन केले. जुनेपुराणे दोन्हीदा येऊन म्हणाले, अक्षरं लागत नाहीत. काकांनी पुन्हा तपासलं, तक्ता खालपर्यंत घडाघडा वाचला त्यांनी. काचा मी स्वतः मापल्या, केसाइतकाही फरक नाही. तरी अक्षरं लागत नाहीत. तेव्हापासून काका म्हणतात, माझाच हात गेला."

*जुनेपुराणे. चार दुकानं सोडून, जुन्या पुस्तकांचा आणि तबकड्यांचा धंदा. वय एकसष्ट. हेही नाव नव्हे.*

वसुलीबाई आत शिरल्या आणि त्यांना घेरीच यायची बाकी राहिली. पूर्वी या दुकानात लेखकांच्या नावांनी रांगा असायच्या. आता एका बाजूला जाड पुस्तकं, दुसऱ्या बाजूला बारीक, मधली मधे. लाल पाठींची लालसोबत.

"हे काय केलंत हो? पुस्तकं आहेत की टॉवेल?"

"दिसायला बरी दिसतात," जुनेपुराणे म्हणाले. दीड वर्षापूर्वी त्यांना मेंदूचा एक लहानसा झटका येऊन गेला होता. त्यातून ते ठणठणीत बरे झाले होते: चालणं तसंच, बोलणं तसंच, चेष्टा तशाच. "गिऱ्हाईकाला शोधू द्यावं. लगेच सापडलं की लगेच जातं."

वसुलीबाईंनी एक पुस्तक उचललं. "हे कशाबद्दल आहे?"

"मागचं पान वाचा की जरा मोठ्याने. चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता.

"चष्मेकाका दुकान बंद करतायत, कळलं का?"

जुनेपुराण्यांचा चेहरा एकदम उतरला. "का? प्रकृती?" आणि मग हात छातीवर ठेवून, हळू आवाजात: "फार उपकार आहेत हो त्या माणसाचे माझ्यावर. इतके दिवस सगळं बघून एका शब्दाने बोलले नाहीत."

"काय बघून?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

पाने

गुरुवारी सकाळी वसुलीबाईंनी त्या चव्वेचाळीस नोंदी कागदावर उतरवून काढल्या. टिक झाली त्या क्रमाने. नावाने लावून बघितल्या, जमेना. लेखकाने, जमेना. कप्प्याने, तर अजिबात नाही. बालकथा, मग प्रवासवर्णन, मग नाटक, मग घड्याळदुरुस्तीवरचं पुस्तक, मग पुन्हा बालकथा. असं कोण वाचतं?

त्यांनी नावं खोडली आणि फक्त पानं ठेवली.

२४. ३२. ३२. ४०. ४८. ४८. ५६. ६४. ६४. ७२. ८०. ८०. ९६.

बघता बघता त्यांचा चहा गार झाला. आकडे कुठेच खाली येत नव्हते. शेवटचा, गेल्या सोमवारचा: १४४.

कालचं दुकान त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. एका बाजूला बारीक, दुसऱ्या बाजूला जाड.

आणि सिनेमे? सहाच्या सहा मूकपट. बोलणं नाही, मध्ये मध्ये पडद्यावर पाटी येते, दोन-चार शब्दांची, आणि वाचून होईपर्यंत थांबते.

शेरा

पहिल्या नोंदीसमोर: हो.

दुसऱ्या: हो.

तिसऱ्या: हो हो.

सातव्या: कोंबडी आवडली.

अकराव्या: दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा कळलं.

एकोणिसाव्या, मूकपट: पाटी लवकर गेली. परत लावला. आता नाही गेली.

सव्विसाव्या: या माणसाला घड्याळं कळतात पण बायको कळत नाही.

छत्तिसाव्या: लेखकाने शेवटी घाई केली आहे. दहा पानं अजून लिहायला हवी होती, मी वाचली असती.

चव्वेचाळिसाव्या: आज ओठ न हलवता वाचलं. तुम्ही म्हणाला होतात तसं आतून ऐकू येतं. बाई, हे सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून इथे लिहितो.

वसुलीबाईंनी चष्मा काढून पुसला. मग परत घातला. मग परत काढला.

नवी नोंद

"चोर सापडला?" चष्मेकाकांनी विचारलं. दुपारी साडेबारा. काउंटरवर.

"चोर नाहीये तो. चोर टिक करत नाही, आणि केलीच तर 'कोंबडी आवडली' असं लिहीत नाही. मोबाईल द्या इकडे."

त्यांनी कॅटलॉगमध्ये एक नवी नोंद भरली. नाव: तिसऱ्या खणातली चावी. पाने: १५२. स्थिती: वाचायचे.

"हे पुस्तक माझ्याकडे नाही," काका म्हणाले.

"कुणाकडेच नाही. असं पुस्तकच नाही. आत्ता मी जन्माला घातलं."

"मग ही नोंद कशासाठी?"

"सोमवारी एकशे चव्वेचाळीस पानं झाली. पुढची पायरी एवढीच. वाचणारा हे शोधणार. त्याला कुठेच मिळणार नाही. मग जिथे आहे असं कॅटलॉग म्हणतो, तिथे तो मागायला येणार."

"माझ्याकडे? सरळ?"

"सरळ. कारण माझा अंदाज असा आहे, चष्मेवाले, की तुम्हाला सगळं ठाऊक आहे असं त्याला वाटतं."

"मला तर मी कोण तेही धड ठाऊक नाही सध्या."

"रविवारपर्यंत थांबा. मशीनवाल्याला फोन करू नका, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही."

शुक्रवारी सकाळी कुणी आलं नाही. अकराला एक बाई लेकराची फुटलेली काच घेऊन आल्या. बाराला काचवाल्याने उगाचच सगळी फडकी धुतली. साडेबाराला लेक आली, वॉर्डातून तशीच, आणि बाकावर बसली.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"पुस्तक परत यायची वाट बघतोय," वसुलीबाई म्हणाल्या. "मला सवय आहे."

एकला रस्त्यावरची शटरं एकेक करून खाली यायला लागली. काका आपलं ओढायला उठले, तर अर्ध्या शटरखालून एक माणूस वाकून आत आला.

कुणाला दिले

जुनेपुराणे एवढी माणसं बघून थबकले.

"या या," वसुलीबाई म्हणाल्या. "बोला."

"काही नाही. काकांकडेच काम होतं." ते जरा अवघडून म्हणाले, "ते एक पुस्तक आलंय 'वाचायचे'च्या यादीत. तिसऱ्या खणातली चावी. काल सगळं दुकान उपसलं. पहिलं सोडलं तर बाईंनी यादीत घातलेल्या प्रत्येक पुस्तकाची दुसरी प्रत माझ्या दुकानात होती, ती बघूनच घातली होती त्यांनी. हेच एक मिळेना. म्हटलं, काका वाचायला देतील."

चष्मेकाकांनी काउंटरची कड धरली.

"यादी कुठे बघितलीत?"

"म्हणजे?" जुनेपुराण्यांनी खिशातून एक मोबाईल काढला. निळ्या कव्हरचा, कोपरा उडालेला. लेकीच्या तोंडून नुसताच आवाज निघाला. आईचा मोबाईल.

"बाईंनी दिलेला," जुनेपुराणे म्हणाले. "काका, तुम्हाला तर... तुमच्या खिशात पण हेच आहे ना. बाई म्हणाल्या होत्या, तू इकडे टिक केलीस की ह्यांच्या खिशात पोचते."

"पोचत होती," वसुलीबाई म्हणाल्या. "पण ह्यांनी पाकीट फोडलंच नाही. बसा. मी सांगते, चुकलं तर थांबवा."

जुनेपुराणे बसले.

"दीड वर्षापूर्वी झटका आला. बोलणं राहिलं, चालणं राहिलं, अक्षरं गेली. बरोबर? तुम्हाला वाटलं चष्मा बदलून बघावा. ह्यांच्याकडे आलात. तक्ता घडाघडा म्हणालात, कारण बाकावर बसून बसून तो पाठ झालाय. नंबर अगदी बरोबर निघाला. आणि अक्षरं लागली नाहीत, कारण खोट डोळ्यांत नव्हतीच. पुस्तकांच्या दुकानदाराला वाचता येत नाही, हे कुणाला सांगणार? रांगा मोडल्यात, जाडीने आणि रंगाने लावल्यात. गिऱ्हाईकाला म्हणायचं, मागचं पान वाचा. काकूंना कसं कळलं?"

"मी त्यांना त्यांचंच पुस्तक विकायला लागलो," जुनेपुराणे म्हणाले. "आतल्या पानावर त्यांचं नाव लिहिलेलं होतं, मोठ्या अक्षरात. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आल्या, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाल्या, पाटी आहे का घरात? नसली तर मी आणलीय." ते हसले. "सहा महिने. रोज दुपारी. काकांना सांगायचं, मैत्रिणीकडे जाते. साठीच्या घोड्याला क ख ग. चुकलो की म्हणायच्या, चुकलास ते बरं झालं, आता ते तुझ्या लक्षात राहील. आजारी पडल्या तेव्हा हा मोबाईल दिला. आधी बारीक पुस्तकं, मग जाड. नाव बघायचं नाही, जाडी बघायची. वाचून झालं की टिक तू करायचीस, मी नाही. मी नसले तरी करायचीस."

"म्हणजे तुम्ही तिचा वर्ग," काका हळूच म्हणाले.

"एका पोराचा."

"आणि मला वाटत होतं..." काकांनी आपला मोबाईल काउंटरवर ठेवला.

"बाबांना वाटत होतं, तेच टिक करतात आणि विसरतात," लेक म्हणाली. "म्हणून दुकान बंद."

जुनेपुराणे उभे राहिले, परत बसले. "अहो, काय हे. तुम्ही दुकानात येऊन मोबाईल उघडायचात, बघायचात आणि माझ्याकडे बघून हसायचात. मला वाटायचं, माझी टिक बघितली, पण मला लाज वाटू नये म्हणून बोलत नाहीत. घरी जाऊन बायकोला सांगायचो, काय माणूस आहे."

"मी पुस्तक घरात आहे की नाही ते बघायचो."

"आणि हसायचात ते?"

"घरात नसलं की हसायचो. विकत घेता येणार म्हणून."

काचवाला आधी हसला. मग लेक. मग काका हसायला लागले आणि डोळ्यांना रुमाल लावून थोडा वेळ तसेच राहिले.

"दोन चष्म्यांचं माझ्या मनातून जात नव्हतं," शेवटी ते म्हणाले. "हात गेला म्हटलं."

"हात शाबूत आहे. डोकं त्याहून," वसुलीबाई म्हणाल्या. "अर्थात काउंटरवरच्या मोबाईलला चार शून्यं हे कुलूप ठेवणाऱ्याबद्दल मी फार काही बोलणार नाही."

काका उठले. भिंतीवरचा तक्ता त्यांनी खिळ्यावरून काढला आणि उलटा करून लावला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती. ती बाजू गेल्या तीस वर्षांत कुणी वाचली नव्हती, कारण कधी गरजच पडली नव्हती.

"बसा खुर्चीत," ते जुनेपुराण्यांना म्हणाले. "ही पाठ नाही तुम्हाला."

जुनेपुराण्यांनी खिशातला चष्मा काढून घातला. वरच्या ओळीला वेळ लागला. दुसरीला कमी. तिसरीला ते एकदा अडले, मागे गेले, पुन्हा आले. काका मध्ये बोलले नाहीत. बायकोकडून एवढं ते बघून बघून शिकले असावेत. शेवटची ओळ संपली तेव्हा काकांनी मोबाईल त्यांच्या हातात दिला.

"काय करू?"

"टिक. मी नाही करणार. ज्याची त्याने."

मग जुनेपुराण्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक पुस्तक काढलं. बारीक, कडा मऊ पडलेल्या. मुंगीचा रविवार. "हे बाईंनी घरून आणलं होतं. परत करायचं राहिलं. खरं म्हणजे करवत नव्हतं."

त्यांनी ते वसुलीबाईंपुढे धरलं, कारण पुस्तक परत करायचं तर कुणाकडे, याबद्दल या गावात कुणाला शंका नव्हती.

वसुलीबाईंनी ते घेतलं नाही. एकतीस वर्षांत दुसऱ्यांदा.

"ते एका पोराने पहिल्यांदा अख्खं वाचलंय," त्या म्हणाल्या. "आता ते त्याचं."

"एकच वाईट वाटतं," जुनेपुराणे पुस्तक परत खिशात ठेवत म्हणाले. "पहिली टिक केली आणि सहा दिवसांत त्या गेल्या. बाईंना कळलंच नाही, वाचलं की नाही ते."

रविवारी मशीनवाला टेम्पो घेऊन आला. काचवाल्याने त्याला चहा पाजला आणि पाण्याचा आवाज ऐकवून परत पाठवला. लेकीने मागची खोली तशीच तयार ठेवली आहे. काका तिथे सुट्टीच्या दिवशी जेवायला जातात आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवतात. 'तिसऱ्या खणातली चावी' ही नोंद त्यांनी काढली नाही. चुकून कधी मिळालंच तर, असं म्हणतात. आता ते रोज तीन वाजता शटर उघडायच्या आधी 'वाचलेली' हा रकाना बघतात.

बदल केल्याची वेळ

नोंद क्रमांक ३८८ समोरची टिक: मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. साडेनऊच्या गोळीला अजून वीस मिनिटं होती.